व्यायाम आता त्याचा त्याने करायचा : हालचालीत अडचण असलेल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी

हुडकेश्वर रोडवरच्या एका घरी गेले होते. पंधरा वर्षांचा मुलगा दिवाणावर उताणा पडलेला, हातात मोबाइल. आई त्याचा पाय गुडघ्यात सरळ ठेवून वर उचलत होती आणि ओठांतल्या ओठांत तीसपर्यंत मोजत होती. मुलगा अडीच वर्षांचा होता तेव्हापासून रोज दोन वेळा तिचं हे चालू आहे. मी मुलाला विचारलं, "हा व्यायाम कशासाठी रे?" त्याने स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं, "मम्मीले विचारा."

त्या आईच्या कष्टांपुढे मी हात जोडते. पण पंधराव्या वर्षी एवढंच पुरत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि नागपुरात घरोघरी जाऊन हेच काम करते. बहुतेक घरांत मला एकच अडचण दिसते. मूल मोठं झालं, पण त्याचा व्यायाम लहानच राहिला. कुणीतरी करून घ्यायचा, कुणीतरी ओढायचा, आणि मुलाने पडून राहायचं. या वयात दोन गोष्टी बदलाव्या लागतात. ताण देण्यापेक्षा, म्हणजे स्नायू ओढून लांब करण्यापेक्षा, ताकद आणि दम वाढवण्याला जास्त वेळ द्यायचा, आणि व्यायामाची सूत्रं मुलाच्या हातात द्यायची. ते कसं करायचं, तेवढंच इथे सांगते.

हे वय वेगळं का

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल अडते त्या अवस्थेत, ती इजा वाढत नाही. शरीर मात्र वाढतं. बारा-तेराव्या वर्षी उंची झपाट्याने वाढते, हाडं पुढे जातात आणि आधीच आखडलेले स्नायू मागे राहतात. वजन वाढतं, त्या मानाने ताकद वाढत नाही. म्हणून दहाव्या वर्षी तुरुतुरु चालणारी मुलगी चौदाव्या वर्षी गुडघे वाकवून चालू लागते, सोळाव्या वर्षी थोडं चाललं की बसायला जागा शोधते. घरच्यांना वाटतं आजार वाढला. खरं तर शरीराचा भार वाढला आणि तो पेलणारे स्नायू तेवढेच राहिले.

अशा मुलांकडून ताकदीचे व्यायाम करून घेतले तर स्नायूंचा ताठरपणा वाढतो, असं पूर्वी शिकवलं जायचं. आजही कुणीकुणी सांगतं. ते बरोबर नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या अभ्यासांत असं दिसलेलं नाही, ताकद मात्र वाढलेली दिसली आहे. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्नायू बळकट झाला म्हणजे चाल आपोआप सुधारतेच असं नाही. जे काम सुधारायचं आहे त्याचा सरावही सोबत करावा लागतो.

सुरुवातीआधी तपासायच्या गोष्टी

"हालचालीत अडचण" या दोन शब्दांत बरंच काही येतं. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्नायूंचे आजार, जन्मतः पाठीच्या कण्यातला दोष, आणि ज्यांना घरी नुसतं "धांदरट" म्हणतात अशी समन्वयाची अडचण असलेली मुलंही. प्रत्येकासाठी एकच तक्ता चालत नाही. निदान पक्कं नसेल तर आधी ते करून घ्या. नागपुरातलं मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, या सरकारी रुग्णालयांपैकी जे सोयीचं पडेल तिथे बालरोग किंवा अस्थिरोग विभागात दाखवा आणि मग फिजिओथेरपी विभागात जा.

पुढच्या बाबतीत मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

मुलगा आधी करू शकत होता ते आता करू शकत नसेल, म्हणजे जिना चढता येत होता आणि आता येत नाही, किंवा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत उठतो आणि पोटऱ्या फुगलेल्या दिसतात, तर व्यायाम सुरू करू नका. डॉक्टरांकडे जा. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या, स्नायू हळूहळू झिजवणाऱ्या आजारात जोराचा व्यायाम स्नायूंना इजा करतो. जिने उतरणं, उतारावर चालणं आणि उड्या मारणं यांत तर विशेष. या मुलांनी दम न लागता, थकवा न येता जेवढं होईल तेवढंच करायचं. पाण्यातला व्यायाम त्यांना मानवतो. व्यायामानंतर लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. कोलांटी, शीर्षासन, पाण्यात डोक्यावर सूर मारणं नको. मान दुखणं, चाल बदलणं, हात कमजोर होणं, लघवीवरचा ताबा जाणं यांतलं काही नव्याने दिसलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

सेरेब्रल पाल्सीच्या साधारण एक तृतीयांश मुलांत खुबा हळूहळू जागेवरून सरकतो. चालू न शकणाऱ्यांत हे प्रमाण कितीतरी जास्त असतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. शेवटचा खुब्याचा एक्स-रे कधी काढला, हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा.

फिट येत असतील तर रस्त्यावरच्या सायकलीऐवजी जागेवरची सायकल बरी. पोहताना हाताच्या अंतरावर पोहता येणारा मोठा माणूस हवाच. पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेल्या मुलांना पायाला संवेदना कमी असते. बूट-मोजे घातल्याशिवाय व्यायाम नाही, आणि झाल्यावर तळवे डोळ्यांनी बघायचे. यांतल्या अनेकांना रबराची अ‍ॅलर्जी असते, म्हणून खाली सांगितलेली रबरी ट्यूब त्यांना देण्याआधी विचारून घ्या.

पहिली पायरी : त्याला काय हवंय ते त्याच्याकडून ऐका

ही पायरी घाईत उरकली की पुढचं सगळं कोसळतं. "चाल सुधारायची आहे" हे आईवडिलांचं ध्येय असतं, आमचंही असतं. चौदा वर्षांच्या मुलाला त्यात रस नसतो. त्याला वेगळंच काही हवं असतं, पण आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

आईवडील खोलीबाहेर जातात आणि मी विचारते, "कोणती गोष्ट जमत नाही म्हणून राग येतो?" मिळालेली उत्तरं कधी विसरले नाही. एकाला तान्ह्या पोळ्याला धाकट्या भावाचा लाकडी बैल ओढत गल्लीच्या टोकापर्यंत जायचं होतं, आईचा हात न धरता. एका मुलीला मैत्रिणींबरोबर मेट्रोने सीताबर्डीला जायचं होतं, आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची भीती वाटत होती. व्हीलचेअरवरच्या एका मुलाला बाथरूममधल्या स्टुलावर स्वतःच्या स्वतः सरकायचं होतं. "मले बाबांनी आंघोळ घालून देणं आवडत नाही," एवढंच म्हणाला. सोळा वर्षांच्या मुलाला ते आवडू नयेच.

उत्तर मिळालं की ते वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच शब्दांत लिहा. मग त्याचे तुकडे पाडा. मेट्रोचं उदाहरण घ्या. घरापासून ऑटोपर्यंत चालणं, ऑटोत चढणं, स्टेशनवर उभं राहणं, गाडी सुरू होताना तोल सांभाळणं, एक पायरी चढणं. यांतलं काय आजच जमतं, काय मदतीने जमतं, काय अजिबात जमत नाही, ते तिलाच सांगू द्या. व्यायाम या यादीतून निवडायचे. (स्टेशनवर लिफ्ट आहेत, सरकत्या जिन्याचा हट्ट सोडला तरी चालतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, सगळ्या जणी जिन्याने जातात. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही जिन्याचाच सराव केला.)

दुसरी पायरी : आजचं माप

तीन मापं पुरतात. मोबाइलचं स्टॉपवॉच, मोजपट्टी आणि एक खुर्ची लागते.

खुर्चीवरून उठणं-बसणं ३० सेकंदांत किती वेळा होतं ते मोजा. हात टेकावे लागले तर तसं लिहा. मग १ मिनिट, न पळता, जमेल तितक्या वेगाने चालून किती मीटर जातो ते मोजा. गच्चीवर किंवा इमारतीच्या पार्किंगमध्ये १० मीटरवर दोन खडूच्या रेघा मारल्या की झालं. वॉकर, स्प्लिंट (पायाला बांधायचा आधार), बूट नेहमीचेच असू द्या आणि पुढच्या वेळीही तेच ठेवा. तिसरं माप त्याच्या ध्येयाचं. पायऱ्या किती, बैल ओढत किती पावलं, सरकताना किती वेळा मदत लागली.

व्हीलचेअर वापरणाऱ्याने चालण्याच्या जागी १ मिनिटात खुर्ची स्वतः किती मीटर ढकलली ते मोजायचं. खुर्चीतून उठता येत नसेल तर हातांवर जोर देऊन बूड किती वेळा उचलता येतं ते मोजा. या मुलांना उगाच "मोठे व्यायाम" करता येत नाहीत म्हणून वगळलं जातं. दम आणि खांद्यांची ताकद त्यांना सगळ्यांत जास्त लागते.

तिसरी पायरी : ताकद

आठवड्यातून ३ दिवस, एकाआड एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठेवलं तर लक्षात राहतं. एका दिवशी ४ किंवा ५ व्यायाम, त्याहून जास्त नकोत.

पहिले दोन-तीन आठवडे वजन न घेता फक्त नीट करायला शिकायचं. मग वजन वाढवायचं. किती, याचा नियम सोपा आहे : १० ते १२ वेळा जमेल आणि शेवटच्या दोन वेळा चेहरा आक्रसेल इतकं. असे एकेका व्यायामाचे सुरुवातीला १ आणि हळूहळू ३ सेट. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं बसू द्या. तिन्ही सेटमध्ये १५ वेळा सहज जमायला लागलं की पुढच्या दिवशी अर्धा किलो वाढवा. गेले चार महिने वजन तेच असेल तर ताकद वाढत नाहीये, वेळ जातोय.

वजनासाठी काही विकत आणायला नको. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली अर्धा किलोची असते. शाळेचं दप्तर पाठीवर अडकवून त्यात एकेक पुस्तक वाढवता येतं, पण दोन्ही पट्टे खांद्यावर हवेत. पायाला बांधायला जुन्या मोज्यात वाळू भरून वजनकाट्यावर मोजून घ्या. ओढायच्या व्यायामाला सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब मिळते. खिडकीच्या गजाला बांधण्याआधी गज हलवून बघा.

चालू शकणाऱ्यांसाठी माझे आवडते चार.

पहिला, खुर्चीवरून उठणं-बसणं. आधी उंच बसा, दिवाणावर गादीखाली घडी घालून. जमलं की साधी खुर्ची, मग बुटकं स्टूल. वर जाताना जोरात, खाली बसताना मनात चार मोजत. गुडघे एकमेकांवर आपटत असतील तर मांड्यांमध्ये छोटी उशी नका देऊ, उलट मांड्यांभोवती सैल पट्टी बांधा आणि "पट्टी ताणून धर" म्हणा. उशी दिली की मुलं ती दाबतात आणि गुडघे आणखी आत जातात.

दुसरा, पायरी चढणं. जेवायच्या पाटापासून सुरुवात, मग जिन्याची पायरी. कठडा पकडायला हरकत नाही, पण ओढून वर जायचं नाही. ज्या बाजूला ताकद कमी आहे त्या पायाने आधी.

तिसरा, उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं. मुलींना हा लाजिरवाणा वाटू शकतो. खोलीचं दार बंद करू द्या, आईने बाहेर बसावं.

चौथा, ओट्याला धरून टाचा उचलणं. टाच जमिनीला टेकतच नसेल, कायम चवड्यांवर चालत असेल, तर हा व्यायाम तुमच्या मनाने करू नका. त्याला काय लागेल ते घोटा हाताने तपासून ठरवावं लागतं.

व्हीलचेअरवरून हिंडणाऱ्यांसाठी : हातांवर जोर देऊन बूड उचलणं, ट्यूब छातीकडे ओढणं, बाटली डोक्यावर ढकलणं, आणि पाठ न टेकता बसून चेंडू पकडणं-फेकणं. खांदा दुखतो म्हणाला तर ओढण्याचे व्यायाम वाढवा, ढकलण्याचे कमी करा. दिवसभर खुर्ची ढकलून पुढचे स्नायू आधीच थकलेले असतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं स्वाभाविक आहे आणि हे मुलाला आधीच सांगा, नाहीतर तो घाबरतो किंवा आई घाबरते. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, खुब्यात किंवा जांघेत दुखणं, रात्री जाग आणणारं दुखणं ही गोष्ट निराळी. त्यासाठी थांबायचं.

नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी सर्जनची परवानगी. पायांच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ताकद आधीपेक्षा कमी होते आणि परत यायला कित्येक महिने लागतात. हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं, मग ते "ऑपरेशन फसलं" म्हणत बसतात.

चौथी पायरी : दम

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, अपंगत्व असलेल्यांसह, रोज सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोराची हालचाल सुचवली आहे. आकडा ऐकून दडपून जाऊ नका. घरात आवरणं, शाळेत वर्ग बदलणं, भाजीला जाणं, श्वास वाढत असेल तर सगळं त्यात धरायचं. आज १० मिनिटं होत असतील तर पुढच्या आठवड्यात १२.

त्याशिवाय आठवड्यातून दोनदा, पुढे तीनदा, सलग २० मिनिटं अशी हालचाल हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. सुरुवातीला २० मिनिटं कुणालाच जमत नाहीत. २ मिनिटं हालचाल, १ मिनिट विश्रांती, असं सहा-सात वेळा केलं तरी चालतं.

काय करायचं ते त्याच्या आवडीवर. जागेवरची सायकल सगळ्यांत सोपी, कारण पडायची भीती नसते. पाय पॅडलवरून घसरत असेल तर बुटाला वेल्क्रोची पट्टी लावा. बसून नाचता येतं. सपाट जागेवर चालायचं असेल तर सकाळचं रेशीमबागेचं मैदान किंवा कस्तुरचंद पार्क बरं, सेमिनरी हिल्सचा चढ नंतर. पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि जमिनीवर न जमणारी पावलं जमतात. पोहायला आधी एकदा नुसतं जाऊन या. तलावात उतरायला पायऱ्या आहेत की शिडी, कपडे बदलायची खोली कुठे, ओल्या फरशीवरून किती चालावं लागतं, हे बघून मगच नाव घाला.

खेळ हवा असेल तर बोचिया शिकवा. सहा लाल, सहा निळे चेंडू आणि एक पांढरा. पांढऱ्याच्या जवळात जवळ आपले चेंडू टाकायचे. हात थरथरणाऱ्या, व्हीलचेअरवरच्या मुलांसाठीच घडलेला हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. हाताने फेकता येत नसेल तर पायाने ढकलायचं किंवा घसरगुंडीसारख्या पन्हाळीवरून सोडायचं. घरी मोज्यांत तांदूळ भरून चेंडू करा. एका घरात आजोबा रोज संध्याकाळी नातवाकडून हरतात आणि खरोखर चिडतात, त्यामुळे खेळ टिकला आहे.

ताण देणं सोडायचं का?

रोज हाताने अर्धा-एक मिनिट पाय ओढल्याने स्नायूची लांबी कायमची वाढते, असं अभ्यासांत दिसत नाही. ज्या आईने तेरा वर्षं हे केलं तिला हे सांगताना माझा आवाज बसतो. म्हणून मी तिला असं सांगते : त्या वेळेत मूल तुमच्या हातांत होतं, ते वाया गेलेलं नाही. पण आता तो वेळ ताकदीला द्या.

स्नायूला लांब ठेवायचं तर तासन् तास ठेवावं लागतं, आणि ते झोपेत-अभ्यासात होतं. सांगितलेलं स्प्लिंट ठरलेले तास घालणं. पालथं झोपून वाचणं, म्हणजे खुब्याचे पुढचे स्नायू मोकळे राहतात. उभं राहायच्या फ्रेममध्ये उभं राहून गृहपाठ करणं. पाय मागे टाकून इंग्रजी डब्ल्यूसारखं बसायची सवय असेल तर त्याऐवजी बुटकं स्टूल देणं. सलग बसणं दर अर्ध्या-पाऊण तासाने मोडायचं, दोन मिनिटांसाठी का होईना.

"धांदरट" मुलांसाठी

काही मुलांना कुठलाही ठळक आजार नसतो, पण सायकल येत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, चेंडू हातातून सुटतो, अक्षर गिचमिड. शंभरात पाच-सहा मुलं अशी असतात. ती आळशी नसतात. त्यांना समन्वय शिकायला जास्त वेळा करावं लागतं. त्यांना नुसते तोल सांभाळायचे व्यायाम देऊन फारसा फायदा होत नाही, थेट त्या कामाचाच सराव द्यायचा.

चार प्रश्नांची पद्धत उपयोगी पडते : काय करायचंय? कसं करशील? करून बघ. जमलं का, नाही तर काय बदलशील? उत्तरं त्यानेच द्यायची. तुमच्या जिभेवर आलेलं "अरे असं नाही, असं" गिळायचं. सायकल शिकवताना आधी पॅडल काढून टाका, सीट खाली करा, आणि पायाने ढकलत हिंडू द्या. तोल आला की पॅडल लावा.

नागपूरचा उन्हाळा

बाहेरच्या पुस्तकांत हा भाग नसतो आणि आपल्याकडे यावरच सगळं अडतं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला तेवढंच अंतर चालायला बरोबरीच्या मुलाच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त शक्ती लागते. म्हणजे अंगात उष्णताही जास्त तयार होते. शिवाय काही औषधं घाम कमी करतात. तोंडातली लाळ किंवा अंगाची वेडीवाकडी हालचाल कमी करायला दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, फिटसाठी दिलेलं टोपिरामेट किंवा झोनिसामाइड यांत हे होतं. पारा ४५ च्या वर असताना घाम न येणं जिवावर बेतू शकतं. औषधांची चिठ्ठी काढा आणि डॉक्टरांना नेमकं विचारा. औषध मनाने बंद करू नका.

मार्चच्या अर्ध्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत व्यायाम पहाटे साडेपाच ते सात. संध्याकाळी नको, भिंती रात्री नऊपर्यंत उष्णता फेकत असतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, दमाचे व्यायाम बंद ठेवले तरी चालेल, ताकदीचे कूलरसमोर करा. कूलरच्या पाण्याने फरशी ओली होते आणि स्प्लिंट घातलेला पाय हमखास घसरतो, म्हणून आधी फरशी पुसा. तहान लागायची वाट बघू नका. दर पंधरा मिनिटांनी चार घोट. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी टाळणाऱ्या मुली खूप आहेत. त्यांना शाळेत संडास वापरता येतो का, हे विचारा, अडचण बहुधा तिथेच असते. चक्कर, उलटी, असंबद्ध बोलणं, अंग तापलेलं पण कोरडं : व्यायाम थांबवून सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि दवाखान्यात न्या.

पावसाळ्यात गच्चीवर शेवाळ धरतं, तिथे नका जाऊ. थंडीत, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, ताठरपणा जास्त जाणवतो. ऊन आल्यावर आठ-नऊला सुरू करा आणि अंग गरम करायला दहा मिनिटं जास्त द्या. नव्याने सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दिवस आपल्या गावात सगळ्यांत चांगले. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुटीत लागलेली पहाटेची सवय तेव्हा मोडते. वेळ शाळा उघडण्याआधीच ठरवून ठेवा.

शाळा आणि जिम

पीटीच्या तासाला माझ्या ओळखीच्या एका मुलीला दोन वर्षं वर्गात दप्तरं सांभाळायला बसवलं होतं. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना ती पडेल अशी भीती होती. आम्ही जाऊन भेटलो. काय करू नये ते सांगितलं नाही, काय करता येतं त्याचा एक कागद दिला. पळण्याऐवजी मैदानाला अर्धी फेरी चालणं, कबड्डीच्या वेळी बाकावरून उठ-बस, गोळाफेकीऐवजी बसून चेंडूफेक. खाली फिजिओची सही. अशा कागदाने शिक्षकांचीही भीती जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये खेळांतल्या सहभागाची तरतूद आहे, पण मी तो शेवटी काढते. आधी चहा घेऊन बोलते.

सोळा-सतराव्या वर्षी मुलांना जिम हवी असते, आणि मला ते आवडतं. घरच्या दिवाणावरून उठून बरोबरीच्या पोरांत जाणं हाच मोठा व्यायाम आहे. ट्रेनरला एवढं सांगा : सुट्या वजनांऐवजी मशीन. सुरुवातीला वजन हलकं, हालचाल हळू. झटका नाही, श्वास कोंडायचा नाही. एक बाजू कमजोर असेल तर दोन्ही हातपाय वेगवेगळे. आणि कौतुकासाठी व्हिडिओ काढायचा नाही, त्याला विचारल्याशिवाय.

खर्च, कागदपत्रं आणि तपासण्या

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. मुलगी सतत थकलेली असेल तर व्यायामाला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. फिटची काही औषधं ड जीवनसत्त्व कमी करतात, तेही तपासून घ्या.

परीक्षा, पाळी, कंटाळा

खाडे पडणारच. दहावीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवड्याला दोन दिवस, दोनच व्यायाम, पंधरा मिनिटं. पूर्ण बंद करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण कमावलेली ताकद थोडक्या व्यायामाने टिकते. पाळीच्या दिवसांत मुलीने स्वतः ठरवावं. कंटाळा आला तर व्यायाम बदला, दिवस बदलू नका. आणि "तुझ्यासाठी आम्ही किती करतो" हे वाक्य व्यायामाच्या वेळी काढू नका. मी पाहिलंय, ते ऐकल्यावर मूल महिनाभर हात-पाय हलवत नाही.

वही त्याच्या हाताने लिहिलेली हवी. लिहिता येत नसेल तर फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करू द्या : तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. तुम्ही ती आठवड्यातून एकदा बघा, रोज नाही.

बारा आठवड्यांनंतर

तीच खुर्ची, त्याच खडूच्या रेघा, तेच बूट. तिन्ही मापं पुन्हा घ्या. आकडे वाढले असतील तर त्याला विचारा, आता पुढे काय? उठ-बस वाढली पण ध्येयाचं माप हललं नसेल तर ताकद आली आहे, त्या कामाचा प्रत्यक्ष सराव कमी पडला. पुढचे सहा आठवडे व्यायाम दोन करा आणि उरलेला वेळ खऱ्या जिन्यावर, खऱ्या गल्लीत, खऱ्या बाथरूममध्ये घालवा. काहीच हललं नसेल तर वहीतली वजनं बघा. ती वाढत गेली नसतील तर कारण तिथेच आहे. ती वाढली आणि तरीही मापं जागेवरच असतील, किंवा खाली आली असतील, तर वही घेऊन फिजिओकडे या, आणि मुलालाच बोलू द्या.